विकासाचा निर्णय आणि आपली वाडी

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलायचे असा आपला प्रघात आहे. आम्ही आज सात-बारा, ग्रामसभा आणि जनसुनावणी यांवर बोलणार आहोत. विहारात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी एवढेच सांगतो की हे भाषण एका माणसाचे नाही. वाडीतल्या आम्ही चार-पाच जणांनी काही रविवार बसून कागद वाचले, आपसात वादही घातले, आणि सर्वांच्या वतीने एकाने उभे राहायचे म्हणून उभे राहिलो आहोत.

आपल्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत किती मोठ्या प्रकल्पांची नावे आली ती आठवून बघा. देवगड तालुक्यात गिर्ये आणि मग मुणगे परिसरात चार हजार मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र येणार, अशी हवा २००६-०७ च्या सुमारास होती. आपल्या मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड येणार म्हणून मोजणीची बोलणी झाली. सुरुवातीला तेराशे एकरांवर जमीन लागणार होती, विरोध झाल्यावर मागणी साडेतीनशे एकरांपर्यंत खाली आली. २०१७ साली नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना निघाली, तिच्यात राजापूर तालुक्यातल्या गावांबरोबर देवगडातली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावे होती. ती अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. तिकडे घाटाच्या पायथ्याशी सावंतवाडी-दोडामार्गात लोहखनिजाच्या खाणी. आणि आपला चिपीचा विमानतळ, तो मात्र झाला, ९ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाला.

यातले काही आले, काही परत गेले, काही अजून फायलीत असतील. आम्ही इथे कोणत्याही प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरुद्ध घोषणा द्यायला उभे नाही. आपल्या पोरांना काम पाहिजे. दहावी-बारावी झालेला पोरगा गोव्यात हॉटेलात प्लेटा उचलायला जातो, तेव्हा त्याच्या आईला विकास नको असे सांगायची आमची छाती नाही. प्रश्न वेगळा आहे. यातल्या एकातरी प्रकल्पाच्या वेळी आपल्या वाडीत येऊन, मांडी घालून बसून, तुमका काय वाटता असे कोणी विचारले का? तुम्हीच सांगा. पुढाऱ्यांचे सोडा, आपल्याच गावच्या पंचांनी तरी विचारले का?

न विचारता केलेल्या गोष्टीचे काय होते ते मालवणकरांना नवीन नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू वाईट नव्हता, पाण्याखालची प्रवाळे राखण्यासारखीच आहेत. पण रापणवाल्यांच्या आणि गिलनेटवाल्यांच्या मनात पहिल्याच दिवशी भीती बसली की आता आपली मासेमारी बंद होणार, आणि तो अविश्वास पुढे वर्षानुवर्षे गेला नाही. पुढच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने जिल्ह्यात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आसाची, ४० मिलिमीटरची शेपटी लावून लहान मासळी सुटू द्यायची, ही गोष्ट मच्छीमारांना होडीवर जाऊन दाखवली गेली, वेंगुर्ल्यात बायकांच्या बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. समुद्र तोच, माणसे तीच. विचारून केले आणि न विचारता केले, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याकडे येऊ. थोडा कंटाळा येईल, पण ऐका, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही.

मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल आधी करावा, असा नियम केंद्र सरकारने जानेवारी १९९४ मध्ये काढला. लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी जनसुनावणी सक्तीची झाली ती एप्रिल १९९७ मध्ये. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली, आणि जनसुनावणीची रीत तिच्यात लिहिलेली आहे. किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची, तीही वर्तमानपत्रात, त्यातले एक मराठी. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि त्या भागातल्या ग्रामपंचायतीत कोणालाही बघायला ठेवायचा. सुनावणी शक्यतो प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्यायची. सुनावणी भरवायची प्रदूषण नियंत्रण मंडळाने, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्याखालचा, अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण करायचे. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची, खुलासा मागायची संधी द्यायची. आणि शेवटी, हे लक्षात ठेवा, झालेल्या कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मगच त्याच दिवशी त्यावर सही व्हायची.

सगळ्याच प्रकल्पांना सुनावणी लागते असेही नाही, काहींना सूट आहे. पण जिथे लागते तिथली रीत ही. कागदावर बघायला गेलो तर वाईट नाही हो. अडते ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिली अडचण भाषेची. कायद्याने अहवालाचा फक्त सारांश आपल्या भाषेत द्यावा लागतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. त्यात आपल्या गावाबद्दल काय लिहिले आहे ते आपल्यालाच कळत नाही. काय काय लिहिलेले असू शकते त्याचा एक नमुना सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी केलेल्या अहवालात रशियातल्या एका खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे उचललेले आहेत, हे २००७ च्या सुमारास उघडकीस आले. आपल्या कोकणातल्या जागेच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च या बर्फाळ मुलखातल्या झाडांची राने दिलेली होती! हा अहवाल मराठीत गावात वाचला गेला असता, तर एखाद्या म्हाताऱ्या आजीनेच विचारले असते, ‘ह्यो बर्च खयचो? आमच्या हय तर काजी आणि आयनाची झाडां.’ तज्ज्ञांना जे पकडायला वेळ लागला ते आजीने एका मिनिटात पकडले असते. म्हणून आम्ही म्हणतो, लोकांना विचारणे ही लोकांवर मेहेरबानी नाही. त्याने अहवाल सुधारतो.

भाषेचा हा प्रश्न अगदी वरपर्यंत आहे. २००६ ची अधिसूचना बदलण्याचा मसुदा केंद्राने २०२० साली काढला. सुनावणीच्या सूचनेची तीस दिवसांची मुदत वीसवर आणायची, असे त्यात होते. लोकांचे म्हणणे मागवण्यासाठी काढलेला हा मसुदा होता फक्त इंग्रजी आणि हिंदीत. शेवटी ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. घटना कोणी लिहिली ते या सभागृहात सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण आपल्याच जिल्ह्यात दिसली, दोडामार्ग तालुक्यात कळणे गावी. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीची जनसुनावणी २००८ साली झाली. गावाने विरोध केला. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने कळण्याचा दाखला आपल्या अहवालात दिला आहे, आणि मराठीतला अहवाल ग्रामपंचायतीच्या हाती वेळेवर पडला नाही असे म्हटले आहे. तरी २००९ साली पर्यावरण परवानगी मिळाली आणि खाण सुरू झाली. पुढे जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साठलेले पाणी बांध फोडून गावात शिरले. लाल चिखल घरांत आणि बागायतीत गेला. पाण्याची आणि बागायतीची काळजी लोक आधीपासून बोलून दाखवत होते.

मग सुनावणीचा उपयोग काय, असे आमच्यातल्याच एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. शंभरातल्या शंभरांनी नको म्हटले म्हणून प्रकल्प थांबलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. परवानगीची शिफारस करणारी तज्ज्ञांची समिती सुनावणीला येत नाही, ती दूर कुठेतरी कागद वाचते. त्या कागदात तुमचा मुद्दा असेल तर कंपनीला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि पुढे कोणी न्यायालयात गेले तर तोच कागद बोलतो. कागदात नसेल तर तुम्ही तिथे तासभर ओरडलात तरी ते झालेच नाही. म्हणून सुनावणीला जाऊन फक्त घोषणा देऊन परत येणे हे आम्हाला पटत नाही. रागाच्या भरात सुनावणी उधळली की अहवालात एवढेच येते की लोकांनी गोंधळ घातला.

आता विहाराशी संबंध काय ते सांगतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय पद्धत भारताला परकी नाही, भिक्खू संघाला ती माहीत होती. कोणी कुठे बसायचे, प्रस्ताव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मतमोजणी कशी, हे सगळे नियम संघात होते. संघातली एक रीत भन्तेजींनी आम्हाला समजावून सांगितली. महत्त्वाचे काम असेल तर आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव मांडायचा. मग तीन वेळा विचारायचे. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही तर प्रस्ताव मान्य झाला.

आता आपली ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. आपण कुठे बसतो? दाराजवळ, नाहीतर बाहेर पायरीवर. घरकुलाची यादी वाचून होईपर्यंत थांबतो. यादीत नाव आले की खुशीत, नाही आले की चरफडत, पण दोन्ही वेळा उठून घरी. त्यानंतरचे विषय कोण ऐकतो? आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात काय लिहिले जाते? ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ त्या सर्वानुमतेत आपणही असतो बरे का. पायरीवर चप्पल शोधत असलेला माणूसही त्यात मोजला गेला!

संघातही गप्प राहणे म्हणजे संमती, आणि ग्रामसभेतही तसेच. पण संघात प्रस्ताव नीट समजावून, तीनदा विचारल्यानंतरचे ते मौन होते. आपले मौन न विचारता घेतलेले आहे. कधी भीतीमुळे, कारण ज्याच्या बागेत उद्या कामाला जायचे तोच समोर बसलेला असतो. कधी ‘आमका कोण इचारता’ या जुन्या सवयीमुळे. हे मौन आपल्या नावावर खपवले जाते, त्याचा आम्हाला राग आहे.

ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण सभासद आहे. जमीन असो वा नसो. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढे लागतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कोणी आले नाही की दुसऱ्या सभेत पंधरा-वीस माणसांत ठराव होऊ शकतो. हे माहीत असलेले लोक गावात असतात, माहीत नसलेले आपण. बायकांसाठी तर ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. मागे बसलेल्या भगिनींनो, ती सभा गेल्या वर्षी कधी झाली ते कोणाला आठवते? हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.)

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती खास आपली. प्रकल्प आला की बोलणी कोणाशी होतात? ज्याचे सात-बारावर नाव त्याच्याशी. मोबदला, दर, नोकरीचा शब्द, सगळे त्याला. आपल्या वाडीत सात-बारावर नाव असलेली घरे किती? ज्यांची आहेत त्यांचीही चार-पाच गुंठे, आणि त्या उताऱ्यावर चुलत-चुलत धरून पंधरा नावे. याला इतिहास आहे. कोकणात खोती होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने जायला स्वातंत्र्यानंतरची १९४९-५० साले उजाडली. खोत गेला, पण कसणाऱ्या सगळ्यांच्याच नावावर जमीन झाली असे नाही, आणि ज्यांच्या हाती कसायलाही जमीन नव्हती त्यांच्या नावावर काय होणार?

मग आपण जगतो कशावर? मार्च ते मे आंब्याच्या बागेत झेला घेऊन आंबे काढायचे, पेट्या भरायच्या. काजूच्या बिया वेचायच्या. कोणी रापणीचा दोर ओढतो आणि वाट्याची मासळी घेतो. बायका ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवे काढतात. काही चिरेखाणीवर. यातले एकही काम कुठल्या उताऱ्यावर नाही. बाग गेली तर बागवाल्याला मोबदला मिळेल, तो पैसे घेऊन कुडाळला फ्लॅट घेईल. त्याच्या बागेत वीस वर्षे पेट्या भरणारीला काय? खाडीवर भराव पडला तर कालवे काढणारीने कोणाकडे जायचे?

इथे एक गोष्ट नीट ऐका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक असे लिहिलेले नाही. जमीन नसलेले पण त्या जागेवर मजुरी, कुळवहिवाट, वाटा-खंड किंवा कारागिरी करून जगणारे कुटुंब, ज्यांची मुख्य उपजीविका संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या जागेवर होती, तेही बाधित कुटुंब. जंगलावर किंवा पाण्यावर जगणारे, मच्छीमार, होडीवाले, तेही बाधित कुटुंब. पुनर्वसनात त्यांचाही हक्क आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के जमीनधारक बाधित कुटुंबांची संमती लागते, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्याची सुनावणी लागते. पळवाटाही आहेत, हे लपवत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्या अभ्यासातून सूट द्यायची सोय ठेवली. औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याने जमीन घेतली तर रस्ता आणखी वेगळा. तरीही कायद्यात आपल्यासाठी दार आहे. त्या दारातून आत जायला एकच गोष्ट लागते, तीन वर्षे आपण तिथे काम करून जगत होतो याचा पुरावा. तो आपल्याकडे नाही.

लोकांना खरोखर विचारले तर काय होते त्याची दोन उदाहरणे देतो. पहिले जवळचे, रायगडातले. पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन जाणार होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचे मत घेतले. सेझच्या बाबतीत असे प्रथमच झाले, आणि कौल मोठ्या प्रमाणात विरोधात होता. ज्यांची जमीन जाणार त्यांना विचारले, चांगलेच झाले. पण ज्यांची मजुरी जाणार होती त्यांचे काय, हा आमचा प्रश्न तिथेही उभा राहतोच. दुसरे उदाहरण ओडिशातले. नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की डोंगरावरच्या ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसले, आणि बाराच्या बारा सभांनी नको म्हटले. ते डोंगरिया कोंध आदिवासी. डोंगराचा सात-बारा त्यांच्या नावावर नव्हता. वनहक्क कायद्याने त्यांना बोलण्याचा अधिकार होता, तो त्यांनी वापरला. आपल्या भागाला तो कायदा तसाच लागू पडेल असे नाही, पण मालकी नसलेल्याच्या शब्दालाही वजन येऊ शकते एवढे त्यातून दिसले.

आपल्या जिल्ह्यानेही मागे राहून चालवलेले नाही. गाडगीळ समिती काम करत होती तेव्हा सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी ग्रामसभेचे ठराव करून कळवले की आमचा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करा. वरून कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपणहून. त्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांना बघायला मिळाला मे २०१२ मध्ये, तोही माहिती आयोगाच्या आदेशानंतरची खटपट होऊन. अहवाल स्थानिक भाषांत करून ग्रामसभांपुढे ठेवा असे समितीचे म्हणणे होते. तसे काही झाले नाही, आणि न वाचलेल्या अहवालावरून गावोगाव भांडणे मात्र लागली. तोंडवळी-वायंगणीच्या लोकांनीही सी-वर्ल्डबाबत आपले म्हणणे एकजुटीने मांडले. त्यांच्या विरोधामुळेच जागेचा आकडा खाली आला, हे विसरता येणार नाही.

आता कामाचे बोलू. आम्ही कमिटीपुढे एक सूचना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. विहारात एक वही ठेवायची. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वाडीतल्या प्रत्येक घराला एक पान. घरात माणसे किती, कोण काय काम करते, कोणाच्या बागेत किंवा कोणत्या होडीवर, कोणत्या महिन्यांत, किती वर्षांपासून. कोणाची घरपट्टीची पावती कोणाच्या नावे आहे. रेशनकार्ड, जॉबकार्ड असेल तर त्याची नोंद. दर वर्षी वर्धापनदिनाला पान ताजे करायचे, तारीख घालायची, घरातल्या मोठ्या माणसाची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार. अशी वही सरकारी कागद होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या तारखांसह सलग लिहिलेली वही सर्वेक्षण करायला आलेल्या माणसासमोर ठेवली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे त्याला जड जाईल.

वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी करायची, ज्या गोष्टी कोणाच्याच सात-बारावर आपल्या म्हणून नाहीत पण ज्यांच्याशिवाय वाडी चालत नाही त्यांची. पिण्याची विहीर, तिला उन्हाळ्यात कधीपर्यंत पाणी असते. वरचा व्हाळ. खाडीकडे उतरणारी पाणंद. आपली स्मशानभूमी. प्रकल्पाच्या नकाशावर या जागा कोऱ्या दिसतात. कोऱ्या दिसल्या की त्यांवर रेघ मारायला कोणाला काही वाटत नाही. मुंबईत शिकणाऱ्या पोरांनी मोबाइलवर या जागांचे फोटो आणि ठिकाण टिपून द्यायचे कबूल केले आहे, बघू किती जण देतात.

मुंबईकर बांधवांना एक सांगणे आहे. तुमचे मत मुंबईच्या यादीत, त्यामुळे इथल्या ग्रामसभेत तुम्हाला मत नाही. पण पर्यावरणाच्या जनसुनावणीचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष सभा, आणि दुसरा लेखी हरकती. ज्यांचा संबंध पोचतो असे कोणीही लेखी पाठवू शकतात. तुमचे घर इथे, आई-बाप इथे, संबंध पोचतोच. वाडीत सूचना आली की मंडळाला कळवू, तुम्ही दहा-पंधरा जणांनी आपापल्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराच्या पन्नास झेरॉक्स पाठवू नका. पन्नास सारख्या पत्रांचा एकच मुद्दा धरतात. सुनावणीला इथून जाणाऱ्यांनीही आपला मुद्दा लिहून न्यावा, एक प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आणि शेवटी गोषवारा वाचून दाखवतील तोपर्यंत बसावे. एसटी चुकली तरी चालेल.

ग्रामसभेसाठी आमचे मागणे साधे आहे. पाच घरांनी मिळून पाळी लावायची, प्रत्येक सभेला वाडीचे किमान दहा जण, त्यात निम्म्या बायका, आणि बसायचे पुढे. एखादा मोठा विषय आला तर आपल्यातल्या एकाने उठून म्हणायचे, समजले नाही, पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा सांगावे लागले तरी लाजायचे नाही. ठराव झाल्यावर इतिवृत्ताची नक्कल मागायची. तोंडी देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, त्याचा नमुना आम्ही लिहून ठेवला आहे.

वेळ बराच घेतला. भोजनदानाची पाने मांडायची आहेत, स्वयंपाकघरातून दोनदा निरोप आला. वही आज आणलेली आहे, ग्रंथालयाच्या कपाटाजवळच्या टेबलावर आहे. जेवण झाल्यावर वरच्या आळीपासून सुरुवात करू. मागच्या बाजूचे पहिले पान विहिरीचे असेल. गेल्या वर्षी पाणी कोणत्या महिन्यात आटले यावर आमच्यात एकमत झालेले नाही, कोणी एप्रिल म्हणतो कोणी मे. रोज पाणी ओढणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत, त्यांनी सांगावे, तेच लिहू.

जयभीम.